‘हॅड’ म्हणजे कशाच्या आधी?

इंग्रजी काळांचा तक्ता आपल्याकडे बहुतेकांना पाठ असतो. वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन रकाने. साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण अशा चार ओळी. एकूण बारा खण, आणि प्रत्येक खणात ‘टू गो’ किंवा ‘टू ईट’चं एकेक रूप. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं, त्यामुळे दहावीपर्यंत या तक्त्याशी अनेकदा गाठ पडते. तरीही नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९’ असं वाक्य येतं, ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘आय हॅड सेंट द फाइल यस्टर्डे’ येतं, आणि मुलाखतीत ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ येतं. गंमत अशी की तिन्ही वाक्यांतली क्रियापदाची रूपं बिनचूक आहेत. तक्त्यावर बोट ठेवून दाखवता येतील इतकी बिनचूक. चुकली ती निवड. रूप कसं तयार करायचं एवढंच तक्ता सांगतो; समोर प्रसंग उभा असताना बारांतलं कुठलं उचलायचं, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. आणि ती निवड करताना आपण नकळत मराठीला विचारतो.

या चुका कशाही, कुठेही होत नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सोलापूरचा अभियंता आणि सावंतवाडीची शिक्षिका एकमेकांना न भेटता अगदी एकाच जागी चुकतात. चुका अशा एका ओळीत पडतात तेव्हा त्यामागे निष्काळजीपणा नसतो, नियम असतो; फक्त तो इंग्रजीचा नसून मराठीचा असतो. मराठीत ‘डॉक्टर आले’, ‘डॉक्टर आले आहेत’ आणि ‘डॉक्टर आले होते’ ही तीन वाक्यं तीन वेगळ्या बातम्या देतात. पहिल्यात नुसती घटना आहे. दुसऱ्यात डॉक्टर अजून घरात आहेत, आवाज जरा खाली करा असा अर्थ आहे. तिसऱ्यात ते आले आणि गेलेसुद्धा; तुम्ही उशीर केलात. म्हणजे ‘आहे’ आणि ‘होता’ लावून मराठी एकच गोष्ट सांगते: त्या घटनेचा परिणाम अजून टिकून आहे की संपला. इंग्रजीतली ‘हॅव’ आणि ‘हॅड’ची रूपं वरवर पाहता हुबेहूब यांच्यासारखीच दिसतात, शाळेत तीच जोडी लावून शिकवलीही जातात, आणि घोळ इथेच सुरू होतो. कारण इंग्रजीचे प्रश्न वेगळे आहेत. ‘हॅव’ वापरण्याआधी ती विचारते, तुम्ही त्या घटनेची वेळ सांगणार आहात का? ‘हॅड’ वापरण्याआधी ती विचारते, कशाच्या आधी? मराठी बोलताना या दोन प्रश्नांची उत्तरं देण्याची वेळ आपल्यावर येत नाही. म्हणून बारा खण घोकत बसण्यापेक्षा, इंग्रजी जिथे जिथे मराठीपेक्षा वेगळा प्रश्न विचारते त्या मोजक्या जागा ओळखाव्यात, असं माझं म्हणणं आहे. काळांच्या बहुतेक चुका त्या मोजक्या जागांवरच होतात.

रूप आणि काळ या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मराठी व्याकरणकारांना फार आधी उमगलं होतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं, आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. क्रियापदाच्या रूपांना काळांची नावं देऊन मोकळं होण्याऐवजी मराठी व्याकरणाने त्यांना प्रत्ययावरून वेगळी नावं दिली: ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात, वाख्यात. ही नावं परीक्षेपुरती रटून आपण विसरतो, पण त्यांमागचं शहाणपण मोठं आहे. ‘आला’ हे रूप भूतकाळाचं, असं म्हणावं तर ‘पाऊस आला तर सहल रद्द’ या वाक्यातला पाऊस अजून यायचा आहे. ‘थांब, आलोच’ म्हणणारा माणूस अजून जागचा हललेला नसतो. ‘येतो’ हे वर्तमानाचं रूप, तर निरोप घेताना ‘बरं, येतो’ म्हणणारा चाललेला असतो बाहेर. एका रूपाकडे अशी तीन-तीन कामं असतात. इंग्रजीतही हेच आहे, किंबहुना जास्तच. क्रियापदाचं अंग बदलून काळ दाखवायचा म्हटलं तर इंग्रजीकडे दोनच रूपं आहेत, ‘गो’ आणि ‘वेंट’. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच इंग्रजीला स्वतंत्र भविष्यकाळ नाही असं मांडलं, आणि २००२ साली आलेलं हडलस्टन-पुलम यांचं केंब्रिजचं जाडजूड व्याकरणही तेच म्हणतं. ‘विल’ हे ‘कॅन’ आणि ‘मे’ यांच्या पंक्तीतलं साहाय्यक क्रियापद आहे, भविष्याचा प्रत्यय नव्हे. तेव्हा बारा खणांचा तक्ता हा शिकवण्याच्या सोयीचा आराखडा आहे. भाषा काही त्याच्यावरून बेतलेली नाही.

आता ‘हॅड’कडे येऊ, कारण मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त वाया जाणारा शब्द हाच. ‘मी काल दादरला गेलो होतो’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे: गेलो, काम झालं, परत आलो. ‘होतो’ नसतं तर उलट ऐकणाऱ्याला वाक्य उघडं वाटलं असतं, पुढे काही घडलं की काय असं. आपण तेच उचलून ‘आय हॅड गॉन टू दादर यस्टर्डे’ म्हणतो, आणि इंग्रजी ऐकणारा नेमका उलट्या कारणाने थबकतो. त्याला वाटतं की दादरला जाणं ही दुसऱ्या कशाची तरी पूर्वपीठिका आहे. मुख्य घटना पुढच्या वाक्यात येईल म्हणून तो वाट पाहतो, आणि ती येत नाही. इथे ‘आय वेंट टू दादर यस्टर्डे’ एवढं पुरे. गेलो आणि परत आलो हे ‘वेंट’मध्ये आपोआप येतं, वेगळं सांगावं लागत नाही. ‘हॅड’ची खरी जागा दोन भूतकाळी घटनांपैकी आधीच्या घटनेवर, तीही क्रम उलटा सांगायचा असेल तेव्हा. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे फलाट रिकामा होता. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे मी पोचलो आणि गाडी हलली. धावत चढलो असण्याची शक्यता आहे. एका शब्दात गाडी चुकली की मिळाली हे ठरतं, तेव्हा ‘हॅड’ला किंमत आहे. मात्र वाक्यात ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ आला की क्रम त्यानेच कळतो आणि ‘हॅड’ ऐच्छिक होतो: ‘द ट्रेन लेफ्ट बिफोर आय रीच्ड’ पूर्णपणे शुद्ध आहे. डॉक्टर येण्याआधी मेलेल्या त्या रोग्याचं वाक्य पाठ करून कित्येक पिढ्या परीक्षेला बसल्या, त्यामुळे ‘बिफोर’ दिसला की ‘हॅड’ हवाच असा आपला समज झाला आहे. तो सोडून द्यायला हरकत नाही. आणि नंतरची घटना बोलण्यात आधीच येऊन गेली असेल, तर एकट्या वाक्यातही ‘हॅड’ चालतो. साहेबांनी विचारलं, काल संध्याकाळी मी फोन केला तेव्हा फाइलचं काय झालं होतं? तर ‘आय हॅड ऑलरेडी सेंट इट’ हे उत्तर उत्तम. ‘कशाच्या आधी?’ याचं उत्तर तिथे हजर आहे: फोनच्या आधी.

‘हॅव’ची अडचण निराळी, आणि ती बायोडेटात सर्वाधिक दिसते. ‘मी २०१९ साली बी.कॉम. केलं आहे’ हे मराठीत खटकत नाही, कारण आपल्या दृष्टीने पदवी आजही जवळ आहे आणि ‘आहे’ तिचीच साक्ष देतं. साल सोबत सांगितलं म्हणून मराठीचं काही बिघडत नाही. इंग्रजीचं बिघडतं. ‘हॅव कम्प्लीटेड’ म्हणताच तुम्ही आत्ताच्या क्षणी उभे राहून मागे पाहता. ‘इन २०१९’ म्हणताच तुम्ही त्या साली जाऊन उभे राहता. एका वाक्यात दोन्हीकडे उभं राहायला इंग्रजी परवानगी देत नाही. म्हणून एकतर ‘आय हॅव अ बी.कॉम. डिग्री’ किंवा ‘आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१९’. काल, सोमवारी, गेल्या वर्षी, दोन तासांपूर्वी असा संपलेल्या वेळेचा शब्द वाक्यात आला की ‘हॅव’ बाहेर काढायचा. ‘व्हेन’ने सुरू होणारा प्रश्न वेळच विचारतो, त्यामुळे ‘केव्हा आलायस?’ याला ‘व्हेन हॅव यू कम?’ चालत नाही, ‘व्हेन डिड यू कम?’ लागतं. उलट, वेळ संपलेली नसेल, म्हणजे ‘धिस वीक’, ‘टुडे’, ‘सो फार’, ‘यट’, ‘एव्हर’ असे शब्द असतील, तर ‘हॅव’ शोभून दिसतो. ‘आय हॅव लॉस्ट माय पास’ म्हणणाऱ्याचा लोकलचा पास अजून सापडलेला नाही. ‘आय लॉस्ट माय पास ऑन मंडे’ म्हणणाऱ्याने तोवर नवा काढलाही असेल. आणि इथे मराठी एकदा मदतीलाही येते. ‘तो नाशिकला गेलाय’ आणि ‘तो नाशिकला जाऊन आलाय’ यांतला फरक इंग्रजी जसाच्या तसा पाळते: ‘ही हॅज गॉन टू नाशिक’ आणि ‘ही हॅज बीन टू नाशिक’. पहिल्याला आत्ता भेटता येणार नाही, दुसऱ्याला येईल.

हा नियम पुस्तकापेक्षा इंग्रजी वर्तमानपत्रात चांगला दिसतो. कुठलीही सरकारी निर्णयाची बातमी घ्या. मथळा साध्या वर्तमानात असतो, कारण मथळ्याची ती रूढी आहे: ‘इंडिया विन्स’, ‘कोर्ट रिजेक्ट्स प्ली’. बातमीच्या पहिल्या वाक्यात वेळ सांगितलेली नसेल तर पुष्कळदा ‘हॅज’ असतो: ‘द स्टेट गव्हर्नमेंट हॅज डिसायडेड…’. दुसऱ्या वाक्यात वार येतो आणि त्याबरोबर ‘हॅज’ जातो: ‘द मिनिस्टर टोल्ड रिपोर्टर्स ऑन मंडे…’. पुढे मागच्या वर्षीचा संदर्भ द्यायचा झाला, आणि तो मंत्र्यांच्या बोलण्याच्या आधीचा आहे हे दाखवायचं असलं, की ‘हॅड’ डोकावतो. म्हणजे ताजी बातमी, तिचा तपशील, तिची पार्श्वभूमी, आणि त्यांना अनुक्रमे ‘हॅज’, साधा भूतकाळ, ‘हॅड’. एका बातमीच्या चार वाक्यांत हे सगळं उलगडून मिळतं, आणि रोज नवा नमुना मिळतो.

तिसरी जागा ‘पासून’ची. ‘मी इथे दहा वर्षांपासून काम करतोय’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ होतं तेव्हा त्यात दोन चुका असतात. काम आजही चालू आहे म्हणून मराठी चालू वर्तमान वापरते, आणि ते तर्काला धरूनच आहे. फ्रेंच आणि जर्मनही इथे वर्तमानकाळच वापरतात, आणि त्या भाषांचे लोक इंग्रजीत येऊन हीच चूक करतात. विचित्र इंग्रजीच आहे. तिला सुरुवात मागे झाली हे क्रियापदातच दिसायला हवं असतं. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर’. दुसरी चूक ‘सिन्स’ची: मराठीत ‘२०१५पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ दोन्हींना एकच प्रत्यय पुरतो, इंग्रजी मात्र आरंभबिंदूला ‘सिन्स’ आणि मुदतीला ‘फॉर’ लावते. ‘सिन्स २०१५’, ‘फॉर टेन इयर्स’. एवढं समजलं की चालू पूर्ण वर्तमान हा अवघड वाटणारा खण निम्म्याहून अधिक हाताखाली येतो, कारण त्याचं रोजचं मुख्य काम हेच आहे.

चालू रूपाच्या, म्हणजे ‘इंग’च्या, अतिवापराबद्दल आपली थट्टा बरीच झाली आहे. मुंबईचे कवी निसिम इझिकेल यांनी भारतीय इंग्रजीतल्या आपल्या विनोदी कवितांमध्ये हीच लकब पकडली. कारण पुन्हा मराठीतच आहे, आणि हिंदीतही. ‘मला वाटतंय’, ‘मला समजत नाहीये’, ‘मला आठवतंय’ ही चालू रूपं आपल्याला अगदी घरची. इंग्रजी ‘नो’, ‘अंडरस्टँड’, ‘बिलाँग’, ‘ओन’, मालकीचा ‘हॅव’ यांना कृती मानत नाही, स्थिती मानते. स्थिती चालू किंवा बंद होत नाही, ती असते. म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐकताना भाऊ तात्पुरते वाटतात. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण जेवण ही कृती आहे आणि ती अर्ध्या तासात संपेल. ‘मग मॅकडोनाल्ड्सने २००३ साली ‘आय ॲम लव्हिंग इट’ कसं चालवलं?’ असा प्रश्न हमखास येतो. तिथे स्थितीला मुद्दाम कृती केलं आहे: आत्ता, हा घास खाताना मला मजा येते आहे. नियम माहीत असलेल्या वाचकाला त्यातली चलाखी कळावी, हाच तर जाहिरातीचा हेतू. नोकरीबद्दल बोलतानाही ‘इंग’ अर्थ बदलतो. ‘ही वर्क्स इन अ बँक’ ही त्याची ओळख आहे. ‘ही इज वर्किंग इन अ बँक’मध्ये सध्यापुरतं, दुसरं काही मिळेपर्यंत, अशी छटा येऊ शकते. स्थळ पाहताना मुलाकडच्यांनी कुठलं वाक्य लिहावं हे सांगायला नको.

भविष्याबाबत मराठी बोलणं फार सैल आहे, आणि ते गोडही आहे. ‘मी नंतर फोन करतो’, ‘बिल मी भरतो’, ‘उद्या येतो’ या सगळ्यांत रूप वर्तमानाचं आणि अर्थ उद्याचा. इंग्रजीत यांचे तीन भाग पडतात. त्या क्षणी ठरवलं किंवा वचन दिलं तर ‘विल’: ‘आय विल पे’. आधीच ठरलेलं असेल तर ‘इंग’: ‘आय ॲम कमिंग टुमॉरो’. वेळापत्रक असेल तर साधा वर्तमान: ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स’. ‘आय कॉल यू लेटर’ कुठेच बसत नाही. दुसरीकडे, ‘तू येशील तेव्हा’ यावरून आपण ‘व्हेन यू विल कम’ रचतो. काळ दाखवणाऱ्या ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘टिल’, ‘ॲज सून ॲज’ यांच्या आणि अटीच्या ‘इफ’च्या पोटवाक्यात भविष्यासाठी इंग्रजी ‘विल’ सहसा येऊ देत नाही: ‘व्हेन यू कम, आय विल टेल यू’. ‘पाऊस आला तर’ म्हणताना आपणही भविष्याचं रूप टाळतोच की. तीच सवय इथे कामाला लावायची, फक्त भूतकाळाच्या रूपाऐवजी वर्तमानाचं घ्यायचं.

भूतकाळाच्या रूपाचा एक उपयोग शाळेत नीट सांगितला जात नाही, आणि ऑफिसात सर्वांत जास्त तोच लागतो. इंग्रजीत ‘वॉज’, ‘वुड’, ‘कुड’, ‘वॉन्टेड’ ही रूपं काळाचंच अंतर दाखवतात असं नाही. वास्तवापासूनचं आणि माणसामाणसांतलं अंतरही तीच दाखवतात. ‘इफ आय हॅड द मनी’मध्ये पैसे कालही नव्हते आणि आजही नाहीत. ‘आय वॉन्टेड टू आस्क’ म्हणणाऱ्याला आत्ताच विचारायचं असतं, पण ‘आय वॉन्ट’ समोरच्याच्या अंगावर येतं म्हणून तो एक पाऊल मागे उभा राहतो. मराठीत हे काम आपण ‘जरा’, ‘हो ना’, आदरार्थी बहुवचन आणि ‘विचारायचं होतं’ अशा शब्दरचनेने करतो. ‘आय वॉन्ट लीव्ह ऑन फ्रायडे’ असं लिहिणारा उद्धट नसतो, पण वाचणाऱ्याला तसा वाटतो. अंतराचंच तत्त्व दुसऱ्याचं बोलणं सांगताना लागू पडतं. ‘तो येतो म्हणाला’ यात मराठी त्याचे शब्द तसेच ठेवते. इंग्रजी मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की बहुधा दुसऱ्यालाही सोबत नेते: ‘ही सेड ही वॉज कमिंग’. ‘मला वाटलं तू पुण्यात आहेस’ हे ‘आय थॉट यू वेअर इन पुणे’ होतं, समोरचा त्या क्षणी पुण्यातच का असेना.

‘डिड नॉट वेंट’बद्दल थोडक्यात. ‘मी गेलो नाही’मध्ये भूतकाळ ‘गेलो’वर राहतो आणि ‘नाही’ तटस्थ असतं. इंग्रजी नकारात आणि प्रश्नात भूतकाळाची खूण ‘डिड’वर जाते, आणि ती एकदाच लागते. तसंच ‘यूज्ड टू’ सुटलेल्या सवयीसाठी किंवा आता नसलेल्या स्थितीसाठी. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्याने ‘आय गो’ म्हणावं.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की व्याकरण शिकून कुणी भाषा बोलत नाही. इंग्रजीत विचार करायला लागा, मराठीला मध्ये आणूच नका. लहान मुलाला हा सल्ला ठीक आहे, कारण त्याच्याभोवती इंग्रजी दिवसभर वाजत असेल तर कानच शिकवतो. पण तिशीत, मराठी घरात राहून, ऑफिसपुरतं इंग्रजी वापरणाऱ्या माणसाची मराठी डोक्यातून बाजूला काढता येत नाही. ती न विचारताही मध्ये येतेच. न बघता आलेली मराठी चुका घडवते. बघून, जुळवून घेतलेली मराठी त्या थांबवते. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’वर वाढलेल्या पिढ्यांचं इंग्रजी कोरडं असेल, पण वाक्याला वाक्य भिडवून पाहण्याची त्यांना लागलेली सवय आपण फार लवकर टाकून दिली असं मला वाटतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भारतीय इंग्रजी ही आता स्वतःची बोली आहे, अमेरिकन माणूसही ‘हॅव’ टाळून ‘आय जस्ट एट’ म्हणतो, मग आपल्यावरच जुलूम का? शब्दांबाबत हे मला मान्य आहे. ‘प्रीपोन’ उपयोगी शब्द आहे आणि तो खुशाल वापरावा. उच्चारांबाबतही मान्य. पण अमेरिकन माणसाच्या ‘आय जस्ट एट’ने अर्थ हलत नाही. आपल्या काळांच्या गफलतीने तो हलतो. आरोग्य विम्याच्या अर्जात ‘ही वॉज इन हॉस्पिटल फॉर थ्री डेज’ लिहिलं तर रुग्ण घरी आला आहे, ‘ही हॅज बीन इन हॉस्पिटल फॉर थ्री डेज’ लिहिलं तर तो अजून दाखल आहे. बायोडेटात ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे तुम्ही ती नोकरी सोडलीत. ‘हॅव वर्क्ड’ म्हटलं तर बहुधा अजून तिथेच आहात.

आणि हीच दोन वाक्यं तिसऱ्या आक्षेपालाही पुरतात. चुका सुधारणारी सॉफ्टवेअर आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत, मग हा खटाटोप कशाला? ‘डिड नॉट वेंट’ ती पकडतील, ‘सिन्स टेन इयर्स’ही पकडतील. पण ‘वर्क्ड’ आणि ‘हॅव वर्क्ड’ दोन्ही शुद्ध असताना, तुम्ही नोकरी सोडली की नाही हे यंत्राला कुठून कळणार? ते तुम्हालाच ठाऊक आहे, आणि म्हणून निवडही तुमचीच.

सरावाला वही-पुस्तकाची फार गरज नाही. काल दिवसभरात काय झालं ते इंग्रजीत दहा-बारा वाक्यांत लिहा आणि मग तीन फेऱ्यांत वाचा. पहिल्या फेरीत प्रत्येक ‘हॅड’पाशी थांबून विचारा, कशाच्या आधी? उत्तर कागदावर किंवा आधीच्या बोलण्यात सापडलं नाही तर तो खोडून साधा भूतकाळ करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ‘हॅव’ आणि ‘हॅज’च्या वाक्यात संपलेल्या वेळेचा शब्द शोधा, सापडला तर दोघांपैकी एकाला घालवा. तिसऱ्या फेरीत प्रत्येक ‘इंग’ला विचारा, ही गोष्ट मध्येच थांबवता येते का? भाऊ असणं थांबवता येत नाही, जेवण थांबवता येतं. साधा वर्तमान, साधा भूत आणि ‘हॅव’ एवढ्या तिघांवर पहिले काही महिने घालवा, कारण इंग्रजी बोलणं आणि लिहिणं दोन्ही फार मोठ्या प्रमाणावर साध्या रूपांवरच चालतं. ‘विल हॅव बीन गोइंग’ वर्षभर भेटलं नाही तरी कुणाचं अडत नाही. आज फक्त एवढं करा: तुम्ही पाठवलेल्या ईमेलांत ‘हॅड’ हा शब्द शोधा, आणि सापडेल त्या प्रत्येक वाक्यात त्याच्याशिवाय काय बिघडतं ते तपासून बघा.